लहान मुलांचा अर्धांगवायू आणि विषाणू

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, की त्या भागाचे काम बंद पडते. डॉक्टर याला स्ट्रोक म्हणतात. गावात अर्धांगवायू, लकवा किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हटले जाते. हा आजार उतारवयाचा, रक्तदाब आणि मधुमेहाचा, असा सार्वत्रिक समज आहे आणि मोठ्या माणसांपुरता तो बरोबरही आहे. पण तो दोन वर्षांच्या मुलालाही होतो. पाश्चात्त्य देशांतील निरनिराळ्या नोंदींनुसार दर वर्षी एक लाख मुलांमागे साधारण २ ते १३ मुलांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्ट्रोक होतो. जन्माच्या आसपास होणारा स्ट्रोक वेगळा मोजतात. त्याची कारणे वेगळी असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

मोठ्यांच्या धमन्या वर्षानुवर्षे चरबी साचून अरुंद होतात. मुलांत तसे काही नसते. मुलांच्या स्ट्रोकमागे जन्मजात हृदयदोष, सिकलसेलसारखे रक्ताचे आजार, रक्त गोठण्यातील दोष आणि मेंदूच्या धमन्यांचे आजार असतात. यांतला शेवटचा गट सर्वांत मोठा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत, रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक झालेल्या आणि धमन्यांची तपासणी झालेल्या ६६७ मुलांपैकी ५३ टक्के मुलांच्या मेंदूच्या धमन्यांत दोष सापडला. ज्या मुलांना नुकतीच सर्दी-खोकल्याची बाधा होऊन गेली होती, त्यांच्यात असा दोष सापडण्याची शक्यता अधिक होती. विषाणू आणि मुलांचा स्ट्रोक यांच्या नात्याचा विचार या निरीक्षणापासून सुरू करणे सोयीचे आहे.

आधी लक्षणे पाहू, कारण निदान चुकते ते इथेच. बोलता येणारे मूल हात जड झाला, शब्द सापडत नाही, डोके दुखते असे सांगू शकते. दीड-दोन वर्षांचे मूल काहीच सांगत नाही. कालपर्यंत दोन्ही हातांनी भाकरीचा तुकडा उचलणारे मूल आज एकच हात पुढे करते, दुसरा हात मूठ वळून अंगाशी राहतो. चालताना एक पाय ओढला जातो, हसताना तोंड एका बाजूला जाते. लहान मुलांच्या स्ट्रोकची सुरुवात पुष्कळदा झटक्यांनी होते, आणि मग सगळ्यांचे लक्ष झटक्यांकडे जाते. झटक्यानंतर काही तास एका बाजूचे बळ कमी राहू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. त्यामुळे ‘संध्याकाळपर्यंत येईल ताकद’ असे म्हणून वाट पाहिली जाते. तोंड वाकडे झाले असेल तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या साध्या सुजेचे ठरवले जाते. तो फरक मुलाला भुवया वर करायला लावून तपासता येतो. मज्जातंतूच्या सुजेत त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत. मेंदूतल्या स्ट्रोकमध्ये कपाळ हलते आणि गाल-ओठ तेवढे लुळे पडतात. हातही सोबत दुबळा असेल तर शंकेला जागाच राहत नाही. उशीर फक्त खेड्यात होतो असेही नाही. टोरांटोच्या मोठ्या बालरुग्णालयातील मुलांच्या २००९ च्या अभ्यासात पहिल्या लक्षणापासून स्ट्रोकचे निदान होईपर्यंतचा मध्यक काळ २२.७ तास होता.

विषाणू मेंदूच्या रक्तपुरवठ्याला तीन वाटांनी धक्का देतो. काही विषाणू थेट धमनीच्या भिंतीत शिरतात. काही वेळा विषाणू धमनीपर्यंत पोहोचतच नाही. त्याच्याविरुद्ध शरीरात उठलेला दाह धमनीच्या आतल्या अस्तराला खरवडतो आणि रक्त गोठण्याकडे झुकवतो. तिसरी वाट अप्रत्यक्ष आहे: जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी जाते, रक्त घट्ट होते आणि मेंदूतील शिरांत गुठळी धरते. एकाच आजारात या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात.

पहिल्या वाटेचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण कांजण्यांचे आहे. कांजण्यांचा विषाणू अंगावरचे फोड सुकल्यावर शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींत, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीतही, दडून राहतो. पुढे उतारवयात तोच नागीण होऊन बाहेर येतो. या ट्रायजेमिनल गाठीतले तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांपर्यंत गेलेले असतात. त्या तंतूंवरून विषाणू धमनीच्या बाहेरच्या थरापर्यंत उतरतो आणि तिथे दाह निर्माण करतो. धमनी सुजते, आतला मार्ग अरुंद होतो, त्यावर गुठळी बसते. बहुधा मधल्या मस्तिष्क धमनीचा सुरुवातीचा भाग किंवा आतल्या कॅरॉटिड धमनीचे टोक यात सापडते. तिथून निघणाऱ्या बारीक धमन्या मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लियाला रक्त देतात, म्हणून हानीही तिथेच दिसते. मूल शुद्धीवर असते, ताप नसतो, फोडांच्या खपल्या केव्हाच पडून गेलेल्या असतात, आणि एका बाजूचे हातपाय लुळे पडतात.

हे नाते पुराव्याने पुढे आणणारा अभ्यास कॅनडात झाला आणि २००१ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या, रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक झालेल्या ७० मुलांपैकी ३१ टक्के मुलांना आधीच्या बारा महिन्यांत कांजण्या येऊन गेल्या होत्या. निरोगी मुलांत हे प्रमाण ९ टक्के होते. कांजण्यांनंतरचा स्ट्रोक पुन्हा होण्याचे प्रमाण ४५ टक्के आढळले, इतरांत ते २० टक्के होते. त्यानंतर ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर २०१४ साली झालेल्या विश्लेषणात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच आयुष्यातील इतर काळाशी केली गेली. कांजण्यांनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलांतील स्ट्रोकचा धोका सुमारे चौपट झाल्याचे त्यातून दिसले. या पद्धतीत दोन वेगळ्या मुलांची तुलना होत नसल्याने घरची परिस्थिती, पोषण, आनुवंशिकता यांचा गोंधळ आपोआप गळून पडतो; म्हणून या निष्कर्षाचे वजन मोठे आहे.

चौपट हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही. मूळ धोकाच लाखात काहींचा असल्याने तो चौपट झाला तरी कांजण्या आलेल्या हजारो मुलांतून एखाद्यालाच हा त्रास होतो. पण आपल्याकडे कांजण्या जवळजवळ प्रत्येक लस न घेतलेल्या मुलाला गाठतात, हेही तितकेच खरे. लाखात थोडे असले तरी मराठवाड्यासारख्या प्रदेशात ते काही मुलांचे आयुष्यभराचे अपंगत्व ठरते, आणि तेही टाळता येण्याजोगे.

प्रश्न कांजण्यांपुरता आहे की कोणत्याही बाधेचा, हे शोधण्यासाठी २०१० ते २०१४ या काळात नऊ देशांतील ३७ केंद्रांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हेदर फुलर्टन यांनी त्याचे नेतृत्व केले. स्ट्रोक झालेली ३५५ मुले आणि स्ट्रोक न झालेली ३५४ मुले त्यात होती. स्ट्रोकच्या आधीच्या आठवड्यात १८ टक्के मुलांना काहीतरी संसर्ग झालेला होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३ टक्के होते. यातले बहुतेक संसर्ग अगदी साधे होते: सर्दी, घसा, खोकला. धोका वाढलेला दिसला तो बाधेनंतरच्या त्या आठवड्यापुरता; महिनाभरापूर्वी होऊन गेलेल्या बाधेचा परिणाम उरलेला नव्हता. याच मुलांच्या रक्ताच्या पुढच्या तपासणीत स्ट्रोक झालेल्या ४५ टक्के मुलांत हर्पीस कुळातील एखाद्या विषाणूच्या ताज्या बाधेच्या खुणा मिळाल्या, तुलनेच्या गटातील १४ टक्के मुलांत मिळाल्या. यातल्या बऱ्याच मुलांना बाहेरून काहीच लक्षण नव्हते. कांजण्यांचा विषाणूही याच कुळातला.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आपल्याकडे मोठ्या अक्षरात छापायला हवा. ज्या मुलांचे नेहमीचे लसीकरण अर्धवट होते किंवा झालेच नव्हते, त्यांच्यात स्ट्रोकचा धोका पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांच्या सुमारे सातपट होता. लस घेतल्यानेच स्ट्रोक होईल की काय, अशी शंका काही पालकांच्या मनात असते. आकडे नेमके उलट दिशेने बोलतात.

साध्या सर्दीने एवढे होते तर रोज हजारो मुलांना स्ट्रोक का होत नाही? याचे उत्तर असे की बाधा ही बहुधा शेवटची ठिणगी असते. आधीपासून काहीतरी तयार असावे लागते: धमनीचा जन्मजात कच्चेपणा, रक्त गोठण्यातला सूक्ष्म दोष, हृदयातले छिद्र, किंवा आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर असलेला रक्तक्षय. बारा ते अडतीस महिने वयाच्या, एरवी निरोगी असलेल्या मुलांचा एक छोटा कॅनेडियन अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. स्ट्रोक झालेल्या १५ मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय होता, निरोगी मुलांत तो ९ टक्के होता. म्हणजे रक्तक्षय असलेल्या मुलांत स्ट्रोकची शक्यता दहापट दिसली. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळा भार टाकता येणार नाही. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेतले की हा दुवा दुर्लक्षिण्यासारखा राहत नाही. लोह कमी असले की रक्तातील प्लेटलेट पुष्कळदा वाढतात आणि तांबड्या पेशी ताठर होतात. त्यात उन्हाळ्यातले विषाणूजन्य जुलाब आले, दोन दिवस मूल काही प्यायले नाही, की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांत गुठळी धरायला अनुकूल स्थिती तयार होते. अशा मुलाला झटके येतात, ते सुस्त पडते, सतत उलटी करते. हे सगळे जुलाबातल्या क्षारांच्या गडबडीनेही होत असल्याने शिरेतली गुठळी मनात आणावी लागते, ती आपणहून दिसत नाही. मीठ-साखरेचे पाणी वेळेवर पाजणे हा म्हणून स्ट्रोक टाळण्याचाही उपाय आहे, जरी त्याची कीर्ती वेगळ्या कारणासाठी असली तरी.

इतर विषाणूंचा उल्लेख थोडक्यात पुरेल. एचआयव्हीची बाधा असलेल्या, उपचार न मिळालेल्या मुलांत मेंदूच्या धमन्या फुगतात किंवा अरुंद होतात. डेंग्यूत प्लेटलेट घसरून क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. कोविडच्या पहिल्या लाटेत बालकांतील स्ट्रोकची भीती व्यक्त झाली होती. मार्च ते मे २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय पाहणीत कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ९७१ मुलांपैकी ८ मुलांना रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक झालेला आढळला आणि त्यांतील बहुतेकांना इतरही कारणे होती. फ्लूनंतर मेंदूच्या थॅलॅमसमध्ये दोन्ही बाजूंना होणारी हानी चित्रात स्ट्रोकसारखी दिसते, पण ती वेगळी प्रक्रिया आहे. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या जपानी मेंदूज्वराचेही तसेच.

महाराष्ट्रात या विषयाला स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तो चांदीपुरा विषाणूचा. १९६५ साली नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ चालू असताना पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांना दोन प्रौढ ताप-रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. रुग्ण ज्या भागातले होते त्याचे नाव विषाणूला मिळाले. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विषाणू रेबीजच्या कुळातला. काही वर्षांतच औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये तो सापडला, म्हणजे मराठवाड्याच्या मातीशी त्याचे नाते जवळजवळ त्याच्या शोधाइतकेच जुने आहे. पण तेव्हा तो एक निरुपद्रवी तापाचा विषाणू मानला गेला आणि पुढे कित्येक वर्षे कपाटात राहिला.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात, मुख्यत्वे आजच्या तेलंगणातील करीमनगर आणि वारंगल भागांत, मुलांमध्ये एक भयंकर साथ आली. त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रातही तसे रुग्ण आढळले. रात्री खेळून झोपलेल्या मुलाला पहाटे सणसणून ताप, उलटी, झटके, बेशुद्धी, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. आंध्रातील नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने सहा रुग्णांतून चांदीपुरा विषाणू वेगळा केला, दगावलेल्या एका मुलाच्या मेंदूच्या ऊतीत त्याचे अंश दाखवले आणि २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही साथ चांदीपुरा मेंदूज्वराची असल्याचे मांडले.

याला हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञांच्या एका गटाने, डॉ. पी. नागभूषण राव आणि सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी हरकत घेतली. त्यांचा मुद्दा खाटेपाशी पाहिलेल्या गोष्टींवर उभा होता. मेंदूज्वर असेल तर पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात; या मुलांत त्या जवळजवळ नव्हत्या. एवढ्या झपाट्याने, काही तासांत मूल कोसळणे मेंदूज्वरात नेहमीचे नाही. काही मुलांत एका बाजूचे बळ गेलेले होते, आणि मेंदूच्या चित्रांत त्यांना मधल्या मस्तिष्क धमनीच्या क्षेत्रात रक्त न पोहोचल्याच्या खुणा दिसल्या. त्यांनी या साथीला ‘एपिडेमिक ब्रेन अटॅक’ म्हटले, म्हणजे मुलांमध्ये पसरलेला स्ट्रोक, आणि चांदीपुरा विषाणूची भूमिका सिद्ध झालेली नाही असे ठासून मांडले. विषाणूशास्त्रातील ज्येष्ठ अभ्यासक डॉ. टी. जेकब जॉन यांनीही पुढच्या काळात या विषाणूबद्दल काय कळले आहे आणि काय नाही, याची परखड तपासणी केली.

हा वाद केवळ नावाचा नव्हता. स्ट्रोक असेल तर धमनी उघडी ठेवण्याचा विचार करावा लागतो. विषाणूचा मेंदूज्वर असेल तर तो पसरवणारे कीटक मारावे लागतात आणि मेंदूची सूज उतरवावी लागते. पुढच्या साथींनी पुरावा एका बाजूला झुकवला. २००४ मध्ये गुजरातेत, २००७ मध्ये नागपूर विभागात मुलांच्या साथी आल्या आणि दोन्हीकडे रुग्णांच्या नमुन्यांत चांदीपुरा सापडला. नागपूर विभागातील ७८ रुग्णांपैकी सुमारे ४४ टक्के दगावले. उत्तर तेलंगणात नंतरच्या वर्षांत सलग लक्ष ठेवल्यावर मुलांच्या तीव्र मेंदूज्वराचे हा विषाणू एक मोठे कारण असल्याचे दिसले. २०२४ च्या उन्हाळा-पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले, ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदीपुराची खात्री झाली.

आज मागे वळून पाहता विषाणूबद्दल पुण्याच्या संस्थेचे म्हणणे टिकले. तो मुलांना मारतो आणि साथ आणतो, यात शंका उरलेली नाही. वाचलेली बरीच मुले मागे व्यंग न ठेवता सावरतात, हेही मोठ्या धमनीच्या स्ट्रोकशी जुळत नाही. पण हैदराबादच्या डॉक्टरांनी जे पाहिले ते खोटे ठरत नाही. पाठीच्या पाण्यात पेशी नसणे, दाहाच्या खुणांआधीच मेंदू सुजणे, हे पुढेही दिसत राहिले. आजार इतका वेगवान असतो की प्रतिकारशक्तीला दाह उभा करायला वेळच मिळत नाही, हे त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे. त्या वादाचा खरा लाभ असा की ताप, झटके आणि बेशुद्धी दिसताच ‘मेंदूज्वर’ असा शिक्का मारून मोकळे होण्याच्या सवयीला त्याने जाब विचारला. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या साथीत अनेक वर्षे मेंदूज्वर समजलेला आजार उपाशी मुलांच्या रक्तातली साखर कोसळल्याने होत होता, हे उघड झाले ते असेच प्रश्न विचारल्यामुळे.

चांदीपुराचा प्रसार मुख्यतः वाळूमाशी करते. डासाहून बरीच लहान, केसाळ, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी ही माशी मच्छरदाणीच्या नेहमीच्या जाळीतून आत येते. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ढिगाजवळच्या ओलसर अंधाऱ्या जागांत राहते. लातूर जिल्ह्यातील चाकूर, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे अजून आहेत, आणि घराला लागून गोठा असणे इथे नवे नाही. भिंतींच्या भेगा लिंपून बुजवणे, गोठा झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, पावसाळ्याआधी भिंतींच्या आतून फवारणी करून घेणे, मुलांना जमिनीवर न झोपवता खाटेवर, दाट जाळीच्या मच्छरदाणीत झोपवणे हे उपाय साधे आहेत. या विषाणूवर लस किंवा खास औषध उपलब्ध नाही.

मराठवाड्यातल्या मुलाला स्ट्रोक झाला तर विषाणूचा विचार करण्याआधी किंवा त्याच्या बरोबरीने दोन कारणे तपासलीच पाहिजेत. एक म्हणजे क्षयाचा मेंदूज्वर. तो आठवडा-दोन आठवडे हळूहळू चढतो: बारीक ताप, चिडचिड, वजन घटणे, मग उलट्या, आणि मेंदूच्या तळाशी साचलेला चिकट दाह धमन्यांना वेढून स्ट्रोक घडवतो. दुसरे कारण भारतीय डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत, विशेषतः हैदराबादेत, नीट ओळखले आहे. सहा महिने ते दोन-अडीच वर्षांचे मूल खाटेवरून किंवा पायरीवरून पडते, डोक्याला फारसे लागलेले नसते, आणि काही मिनिटांत वा तासांत एका बाजूचे हातपाय लुळे पडतात. सीटी स्कॅनमध्ये बेसल गँग्लियातल्या बारीक धमन्यांभोवती चुन्याचे ठिपके दिसतात. ही मुले बहुतांशी चांगली सुधारतात. इथे कारण बाधा नसून कमकुवत बारीक धमन्या आणि किरकोळ मार हे असते. घरच्यांनी पडल्याचे सांगितले नाही, तर हा आजार हमखास ‘व्हायरल’ म्हणून नोंदला जातो.

चाकूर हे लातूर–नांदेड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. इथल्या ग्रामीण रुग्णालयात झटके थांबवणे, साखर तपासणे, श्वास आणि रक्तदाब सांभाळणे, सलाईन लावणे एवढे झाले की पुढची वाट लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेची किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. तिथे साध्या सीटी स्कॅनवर थांबू नये. पहिल्या काही तासांत सीटीत रक्तस्राव दिसतो, पण रक्तपुरवठा तुटल्याची खूण दिसेलच असे नाही. एमआरआय आणि त्यासोबत धमन्यांचे चित्रण, म्हणजे एमआर अँजिओग्राफी, झाली तरच धमनी अरुंद आहे की नाही हे कळते. कांजण्यांच्या विषाणूचा संशय असेल तर पाठीच्या पाण्यात विषाणूच्या जनुकांपेक्षा त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधणे अधिक उपयोगी ठरते. सर्व वयांच्या अशा ३० रुग्णांच्या २००८ च्या अभ्यासात प्रतिपिंडे ९३ टक्के रुग्णांत, तर जनुके फक्त ३० टक्के रुग्णांत सापडली. त्याच अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना पुरळ आल्याची नोंदच नव्हती.

उपचारांत गुठळी विरघळवणारे औषध मोठ्यांसारखे सरसकट मुलांना दिले जात नाही. ते निवडक मुलांत, मोठ्या केंद्रांतच वापरतात. बहुतेक मुलांना कमी मात्रेत ॲस्पिरिन, झटक्यांवर औषध, ताप आणि पाणी यांची काळजी एवढे लागते. कांजण्यांशी संबंध दिसला तर अनेक ठिकाणी असायक्लोव्हिर देतात, आणि धमनीचा दाह ठळक असेल तर स्टेरॉइड. स्टेरॉइडचा उपयोग नेमका किती, हे ठरवण्यासाठी युरोपात आणि अमेरिकेत चाचण्या हाती घेतल्या गेल्या. कांजण्या किंवा फ्लू अंगात असताना ॲस्पिरिनने यकृत आणि मेंदूला धोका पोहोचवणारा रेय सिंड्रोम उद्भवू शकतो. म्हणून स्ट्रोकनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले ॲस्पिरिन वेगळे, आणि ताप आला म्हणून दुकानातून आणलेले ॲस्पिरिन वेगळे. दुसरे मुलांना कधीच देऊ नये. विषाणूनंतरचा धमनीचा हा आजार बहुधा एकदाच उसळतो. पहिले काही आठवडे अरुंदपणा वाढतो, सहा महिन्यांच्या आसपास तो थांबतो आणि काही मुलांत धमनी मूळ पदावर येते. या पहिल्या काळातच पुन्हा स्ट्रोक होण्याची भीती सर्वाधिक असते, म्हणून घरी सोडल्यावरही धमन्यांचे चित्रण पुन्हा करावे लागते.

त्यानंतरचे काम लांबचे आहे आणि ते घराजवळच व्हावे लागते. व्यायामोपचार, हाताची पकड परत आणणे, बोलणे, शाळेतले लक्ष या सगळ्याला महिने लागतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, त्यातून हातपाय दुबळे राहिलेले मूल जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवता येते. आठवड्यातून दोनदा लातूरला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी हीच बहुतेक घरांची खरी अडचण असते. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी नियमित फिजिओथेरपी मिळाली, तर कितीतरी मुलांचे उपचार अर्ध्यावर सुटणार नाहीत.

प्रतिबंधाची सर्वांत ठोस साधने दोन: कांजण्यांची लस आणि वेळेवरचे नेहमीचे लसीकरण. अमेरिकेत कांजण्यांची लस १९९५ पासून दिली जाते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स १५ महिन्यांच्या वयात पहिली आणि नंतर दुसरी अशा दोन मात्रांची शिफारस करते. पण ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी दवाखान्यातली तिची किंमत शेतमजूर कुटुंबाला परवडणारी नाही. ज्या मुलांना रक्ताचे किंवा हृदयाचे आजार आहेत, किमान त्यांना तरी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ती सरकारी खर्चाने मिळायला हवी.

कांजण्या येऊन गेल्यानंतर वर्षभरात मुलाच्या एका हातापायातले बळ एकाएकी कमी झाले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि कांजण्या कोणत्या महिन्यात आल्या होत्या ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.